४८ केबीत ३०० खोल्या

१२८ खोल्या. आकडा आधी चिंचवडच्या मापात बसवू. टू बीएचके म्हणजे हॉल, किचन, दोन बेडरूम. चार खोल्या धरा. १२८ खोल्यांचे झाले ३२ फ्लॅट. मजल्यावर चार फ्लॅट, असे आठ मजले, खाली पार्किंग, गेटवर वॉचमन आणि टँकरच्या बिलावरून वर्षभर भांडणारी एक सोसायटी. आता ही अख्खी इमारत उचला. तिच्या भिंती, दारे, भुते, काटे आणि मधोमध उकळणारी एक कढई, सगळे घडी घालून ४८ केबीत ठेवा. केबी म्हणतोय, एमबी नव्हे. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे गुलाबाचे 'सुप्रभात' सहसा त्याहून जड असते!

हा उद्योग खरोखर झालेला आहे. १९८४च्या नोव्हेंबरात. खेळाचे नाव 'नाइट लोअर', यंत्राचे नाव झेडएक्स स्पेक्ट्रम, आणि करणारे इंग्लंडमधल्या अ‍ॅशबी-दि-ला-झूश या छोट्या गावातले टिम आणि ख्रिस स्टॅम्पर हे भाऊ. कंपनीचे नाव 'अल्टिमेट प्ले द गेम'. गोष्ट साधी. सेबरमन नावाच्या गड्याला शाप लागलाय, रात्र पडली की त्याचा लांडगा होतो. ४० दिवस आणि ४० रात्रींच्या आत किल्ला पालथा घालायचा, कढई मागेल ती वस्तू शोधून आणायची आणि तिच्यात टाकायची. अशा १४ वस्तू पडल्या की शाप सुटला. पण खेळणाऱ्यांचे डोळे विस्फारले ते गोष्टीने नव्हे. खोली तिरकी दिसत होती, छताच्या एका कोपऱ्यातून डोकावल्यासारखी. ठोकळ्याला तीन बाजू होत्या. तो ढकलता येत होता, त्यावर चढता येत होते, त्याच्या मागे गेले की माणूस दिसेनासा होत होता.

चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात अशा चित्राचे कोणाला काय कौतुक, असे कोणी म्हणेल. इथे आयटीआयला किंवा डिप्लोमाला गेलेला प्रत्येक जण ड्राफ्टर बोर्डाला लावून, पेन्सिलीला टोक काढून आयसोमेट्रिक व्ह्यू काढून बसलाय. तीस अंशाची रेघ, तीस अंशाची रेघ, एक उभी रेघ, झाला ठोकळा. स्पेक्ट्रमवरचा ठोकळा त्याच घराण्यातला. फक्त पडद्यावर तीस अंशाची रेघ ओढली तर तिचे दाते वेडेवाकडे येतात, म्हणून दोन ठिपके आडवे आणि एक ठिपका वर असा सरळ हिशोब ठेवला जायचा. त्याचा कोन येतो साधारण साडेसव्वीस अंश. ड्रॉइंगच्या सरांनी शीट परत केली असती.

पण दोनाला एक हा चढ किती असतो, कल्पना आहे? कर्जतहून लोणावळ्याला चढणारी रेल्वे ३७ फूट पुढे जाते तेव्हा १ फूट वर येते, आणि तेवढ्यासाठी तिला मागून जादा इंजिने लावतात. सेबरमनच्या जमिनीच्या रेघेवर रूळ टाकले आणि चिंचवडहून मुंबईकडे गाडी सोडली, तर सुमारे १७६ किलोमीटर पुढे गेल्यावर ती ८८ किलोमीटर उंच असेल. एव्हरेस्टच्या डोक्यावर एव्हरेस्ट, त्याच्या डोक्यावर एव्हरेस्ट, असे जवळजवळ दहा!

आता या खेळाबद्दलची मते. ती ऐकायला बसायचे तर आधी घरी सांगून या. स्पेक्ट्रम जगभरात सुमारे ५० लाख खपले. प्रत्येक मालकाला बोलायला एकच मिनिट द्यायचे म्हटले तरी ५० लाख मिनिटे झाली. म्हणजे ३,४७२ दिवस. म्हणजे साडेनऊ वर्षे, दिवसरात्र, मध्ये चहासुद्धा नाही. तेव्हा आपण मतांचे गठ्ठे बांधू आणि एकेक गठ्ठा काट्यावर ठेवू.

सगळ्यात जाडजूड गठ्ठा एकाच उद्गाराचा आहे: केवढा मोठा हा किल्ला! मोजूया. किलोमीटरला एक खोली ठेवत मुंबईच्या सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने निघा. चोपन्नाव्या खोलीशी कल्याण. शंभराव्या खोलीशी कर्जत. मग घाट, बोगदे, धुके, आणि १२८वी, शेवटची खोली नेमकी कुठे येते? लोणावळ्यात! चिक्की घेऊन खेळ संपवा. आणि हा तर लहान किल्ला. तीन वर्षांनी, १९८७मध्ये, जॉन रिटमन आणि बर्नी ड्रमंड या जोडीने ओशन कंपनीसाठी 'हेड ओव्हर हील्स' काढला. त्यात ३००हून अधिक खोल्या. लोणावळा गेले, तळेगाव गेले, चिंचवड गेले, १९२व्या खोलीशी पुणे गेले, दौंडही मागे पडले, तरी ३०हून अधिक खोल्या शिल्लक. एका खोलीत फक्त एक मिनिट घालवले तरी पाच तास. डेक्कन क्वीन तेवढ्या वेळात पुण्याहून मुंबईला पोहोचून वर पावणेदोन तास फलाटावर विश्रांती घेईल.

या दोन खेळांवरून खेळणाऱ्यांत दोन तट आहेत आणि ते अजून मिटलेले नाहीत. इंग्लंडातल्या 'क्रॅश' मासिकात परीक्षण करायला तीन-तीन परीक्षक बसत, त्यांत शाळकरी पोरेही असत, आणि सगळ्यांची मते मिळून शेवटी शेकड्यात गुण पडत. 'नाइट लोअर'ला ९४. 'हेड ओव्हर हील्स'ला ९७. आपल्याकडे एवढ्या गुणांवर पेढे वाटतात. पहिला तट म्हणतो, ९४ कसले, १०० द्या, कारण असे काही त्याआधी घरातल्या टीव्हीवर दिसलेच नव्हते. दुसरा तट म्हणतो, आधी दिसले असेल, पण खेळायला खरी मजा दुसऱ्यात. तिथे एकाच्या जागी दोन पात्रे आहेत. हेडला पाय नाहीतच म्हणा, पण उडी उंच आणि हवेत तरंगणे. हील्स म्हणजे नुसते पाय, पळायला वेगवान आणि सामान वाहायला पिशवी. दोघे वेगळे अडकतात, वेगळे धडपडतात, आणि भेटले की हेड हील्सवर बसून दोघे एक होतात. शिवाय एका राक्षसाला धड यंत्राचे आणि डोके ब्रिटनच्या तेव्हाच्या राजपुत्र चार्ल्सचे! माझे मत दुसऱ्या तटाला. पण पहिल्या तटापुढे मी ते जरा हळू आवाजात सांगेन.

बरे, ३०० खोल्या मावल्या कशा? इथून पुढे खुर्चीला धरून बसा. ४८ केबी म्हणजे ४९,१५२ बाइट. त्यातले ६,९१२ बाइट पडद्यावरच्या चित्रालाच लागतात. राहिले ४२,२४०. त्यातच प्रोग्राम, त्यातच आवाज, त्यातच राक्षस, त्यातच राजपुत्राचे डोके. पण क्षणभर यातले काहीच नाही असे मानू, सगळी जागा खोल्यांना देऊन टाकू. ४२,२४० भागिले ३००. एका खोलीच्या वाट्याला येतात १४० बाइट.

१४० बाइट म्हणजे किती? मराठीचे एक अक्षर आज कॉम्प्युटरमध्ये साठवायला तीन बाइट लागतात, काना-मात्रा-वेलांटीला पुन्हा प्रत्येकी तीन, मोकळ्या जागेला आणि स्वल्पविरामाला एक. आता हे वाक्य बघा: 'या खोलीत दार, दोन ठोकळे, एक फिरते भूत आणि वर मुकुट आहे.' मोजा. १३७ बाइट झाले! तीन उरले. त्यात एकच अक्षर मावेल, तेही काना-मात्रेशिवायचे. खोलीचे वर्णनसुद्धा जेवढ्यात धड करता येत नाही, तेवढ्यात त्यांनी खोली बांधली. आणि हा झाला सढळ हाताचा हिशोब. प्रोग्राम, चित्रे आणि आवाज वजा केले की खोलीच्या वाट्याला जे उरते, त्यात वरचे वाक्य 'दोन ठोकळे'पर्यंत तरी पोहोचेल का, शंकाच आहे.

अजून एक गंमत. तुम्ही वाचताय तो हा लेख, शीर्षकापासून शेवटच्या टिंबापर्यंत, तीस हजार बाइटांच्या आसपास जागा खातो. म्हणजे हा लेख स्पेक्ट्रममध्ये भरला की यंत्राची बरीचशी जागा गेली. एका पारड्यात चिंचवडच्या एका माणसाची बडबड, दुसऱ्या पारड्यात ३०० खोल्या, दोन वीर, राक्षसांची फौज आणि सगळ्यांच्या उड्या. काटा थोडाच कलेल!

दुसरा गठ्ठा तक्रारीचा आहे, आणि तक्रार खरी आहे. 'नाइट लोअर' खोलीत गर्दी झाली की रखडतो. एखादे भूत, दोन उसळते चेंडू, वर एक सरकता ठोकळा, आणि सेबरमन असा चालायला लागतो जणू दापोडीच्या पुलावर संध्याकाळी सहाला अडकलाय. का? स्पेक्ट्रमचा मेंदू सेकंदाला ३५ लाख ठोके टाकायचा. ३५ लाख ऐकायला भक्कम वाटते. २०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत १७,२७,६९२ माणसे होती. त्या सगळ्यांनी, तान्ह्या बाळांसकट, एका सेकंदात दोन-दोन टाळ्या वाजवल्या तर जेमतेम तेवढे ठोके होतात. (महापालिका १९८२ची आणि स्पेक्ट्रमही १९८२चाच, २३ एप्रिलचा. दोघांच्याही गतीबद्दल तक्रारी आहेत.)

पण टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र मागतो. ३५ लाखांचे झाले ५० वाटे, एका चित्राला ७०,००० ठोके. आणि चित्राचे ६,१४४ बाइट नुसते या फडताळातून त्या फडताळात हलवायचे म्हटले, काही नवीन न काढता, तरी बाइटमागे २१ ठोके पडतात. १,२९,०२४ ठोके! वेळ सत्तर हजारांचा, काम सव्वा लाखाचे. नुसते सामान हलवेपर्यंतच वेळ संपला, राक्षस कधी रंगवायचा? म्हणून हे लोक पडद्यावर हलले तेवढेच पुसायचे आणि तेवढेच पुन्हा काढायचे. गर्दी वाढली की पुसणे वाढले, काढणे वाढले, आणि सेबरमन पुलावर अडकला. तुमच्या खिशातला फोन सेकंदाला सहज ३०० कोटी ठोके टाकतो. स्पेक्ट्रमच्या ८५७ पट. डेक्कन क्वीनला ८५७ पट वेग दिला तर ती पुण्याहून मुंबईला चौदा सेकंदांच्या आत पोहोचेल. डब्यातला कटलेटवाला पहिल्या सीटपर्यंत यायच्या आत दादर!

उंची कळत नाही, हीही मोठी ओरड. हवेत तरंगणारा ठोकळा आपल्या समोर आहे की मागे वर आहे, सावली नसल्याने काही केल्या उमगत नाही. उडी मारावी, खाली काट्यांवर पडावे, आणि तेव्हा समजावे. याला आकडा नाही, शिव्या मोजता आल्या असत्या तर दिला असता.

रंगाचे गाऱ्हाणे मात्र आकड्यात बसते. सगळा किल्ला एका वेळी एकाच रंगात, काळ्यावर पिवळा नाहीतर काळ्यावर हिरवा. कारण पडद्यावर चौकटी ७६८, आणि एका चौकटीत फक्त दोन रंग. रंगीत सेबरमन रंगीत भिंतीजवळून गेला की एकाचा रंग दुसऱ्याला लागायचा, म्हणून रंगच काढून टाकले. कित्येकांना ते दरिद्री वाटले. मला विचाराल तर ब्लूप्रिंटवर वाढलेल्या आपल्या पट्ट्याला एक रंग पुरेसा आहे. आणि या एकरंगी पडद्याची ताकद तर बघा. तो २५६ ठिपके रुंद आणि १९२ ओळी उंच. १९२! मुंबई ते पुणे रेल्वेने किती किलोमीटर? १९२. ओळीमागे किलोमीटर. पडद्याच्या वरच्या कडेला सीएसएमटी धरली तर खालच्या कडेला पुणे स्टेशन, आणि सोळा ओळी आधी चिंचवड. पुढे ऐका. २५६ गुणिले १९२ म्हणजे ४९,१५२ ठिपके. आणि यंत्राची एकूण स्मृती किती बाइट होती? ४९,१५२! ठिपक्यामागे बरोबर एक बाइट. योगायोगांनाही काही मर्यादा असावी.

यातला प्रत्येक ठिपका फक्त पेटलेला किंवा विझलेला. दोनच शक्यता. तर असे किती वेगवेगळे पडदे होऊ शकतात? दोन गुणिले दोन गुणिले दोन, असे ४९,१५२ वेळा. उत्तरात १४,७९७ आकडे येतात. संख्येची किंमत नव्हे, तिच्यातले नुसते आकडे १४,७९७! दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले तर जी संख्या येते, तिला शास्त्रज्ञांच्या म्हणण्याप्रमाणे ऐंशीच्या आसपास आकडे लागतात. आपली संख्या अर्धा-अर्धा सेंटिमीटरच्या आकड्यांत लोकलच्या बाहेरून खडूने लिहायला घेतली तर ७४ मीटर जागा जाईल. साडेतीन डबे. आकुर्डीला लिहायला बसलात तर लोणावळा लोकल सुटली तरी तुमचे संपायचे नाही. या अफाट ढिगातून स्टॅम्पर बंधूंनी १२८ खोल्यांची चित्रे निवडली. वेचले म्हणायचे की काय म्हणायचे!

महाग आहे, असे म्हणणारेही पुष्कळ. 'नाइट लोअर'ची कॅसेट ९ पौंड ९५ पेन्सना होती. तेव्हाच्या विनिमय दराने अदमासे दीडशे रुपये. १२८ खोल्यांना दीडशे रुपये, म्हणजे खोलीमागे १ रुपया १७ पैसे. चिंचवड स्टेशनजवळ आज एका खोलीचे नुसते भाडे विचारा आणि मग महाग शब्द उच्चारा. यंत्र मात्र खरोखर दांडगे होते. ४८ केबीचा स्पेक्ट्रम १९८२मध्ये १७५ पौंडांना निघाला, म्हणजे तीन हजार रुपयांच्या घरात. सोने तेव्हा दहा ग्रॅमला दोन हजारांच्या आत होते. दीड तोळ्याहून जास्त सोने देऊन एक रबरी बटणांची पाटी आणायची, तेही समुद्रापलीकडून, तेही कस्टम्सची ड्यूटी वेगळी भरून. ज्या काळात आकुर्डीत बनणाऱ्या चेतक स्कूटरसाठी माणसे वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, त्या काळात कॉम्प्युटरच्या नावाने नंबर लावायलाही खिडकी नव्हती. मग १९८४मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून २५० शाळांत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले. त्यांची स्मृती आणखी कमी, ३२ केबी, आणि 'नाइट लोअर' त्यांच्यावरही निघाला होता! १९८६मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतात आणला, आणि मग कुठे हा प्रकार आपल्या घरांच्या आवाक्यात आला.

स्टॅम्पर बंधूंचे पुढे काय झाले, तेही रुपयांत सांगतो. त्यांनी 'नाइट लोअर' तयार झाल्यावर लगेच विकलाच नव्हता. तो आधी आला तर आपला दुसरा खेळ 'सेबर वुल्फ' कोणी घेणार नाही, या धास्तीने त्यांनी तो दाबून ठेवला होता. म्हणजे उद्याचा खेळ काल बनवून कपाटात! १९८५मध्ये त्यांनी 'रेअर' ही कंपनी काढली आणि २००२मध्ये ती मायक्रोसॉफ्टने साडेसदतीस कोटी डॉलरना घेतली. तेव्हाचे अदमासे १,८०० कोटी रुपये. त्याच २००२ साली आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी, डोंगर फोडून काढलेले बोगदे. खर्च सुमारे १,६३० कोटी. एका गावातल्या दोन भावांच्या खेळांच्या दुकानात अख्खा एक्स्प्रेस वे बसून वर पावणेदोनशे कोटींची मोड परत!

आणि आता शेवटचा गठ्ठा. 'लोड व्हायला जन्म जातो.' हे मत सगळ्यांचे, दोन्ही तटांचे, एकमुखी. खेळ साध्या ऑडिओ कॅसेटवर यायचा. टेपरेकॉर्डर जोडायचा, प्ले दाबायचे आणि सुमारे पाच मिनिटे ती किंचाळी ऐकत बसायचे. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. पाच मिनिटांत सव्वाचौदा मीटर. एक किल्ला म्हणजे सव्वाचौदा मीटर फीत. नऊवारी पातळ नऊ वाराचे, म्हणजे सव्वाआठ मीटरचे; दोन पातळांतच किल्ला मावून वर ब्लाउजपीस उरतो.

आता हेच काम आजच्या फोनवर करू. फोनची ८ जीबी स्मृती कॅसेटवरून भरायची. ८ जीबीत ४८ केबी किती वेळा बसतात? १,७४,७६२ वेळा! एका फोनच्या पोटात पावणेदोन लाख स्पेक्ट्रम. ते जमिनीवर एकापुढे एक ठेवत चिंचवड स्टेशनवरून लोणावळ्याकडे निघालो, तर सुमारे ४० किलोमीटरची ओळ होऊन मळवली येते. एकावर एक रचले तर ५,२४३ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर. तीन कळसूबाया आणि वर ३०५ मीटर! आणि कॅसेटवरून भरायला वेळ? प्रत्येकी पाच मिनिटे धरून ६०७ दिवस. एक वर्ष आणि आठ महिने ती किंचाळी. गणपती बसले, गेले, पुन्हा बसले, पुन्हा गेले, फोन अजून लोड होतोय. फीत किती लागेल? २,४९६ किलोमीटर. भागा १९२ने. तेरा! बरोबर तेरा. सहा वेळा मुंबईहून पुण्याला येऊन परत जा आणि सातव्या खेपेला पुण्यात उतरा, तेव्हा फीत संपते.

अजून पोट भरले नसेल तर पाण्याने मोजू. बाइटमागे एक थेंब. स्पेक्ट्रमच्या ४९,१५२ थेंबांनी अडीच लिटरची कळशीसुद्धा काठोकाठ भरत नाही. फोनच्या ८ जीबीला वीस फूट रुंद विहीर लागते आणि तिच्यात पाणी उभे राहते अठ्ठेचाळीस फूट. आकडा मी जुळवलेला नाही, हिशोबच तसा निघतो! आणि फोनचे साठवणीचे २५६ जीबी? अशा तीस विहिरी. किंवा दहा हजार लिटरचे १,२८० टँकर. सुरुवातीच्या त्या सोसायटीला रोज एक लावला तरी साडेतीन वर्षे सेक्रेटरीला कोणी फोन करणार नाही.

आणि २५६ जीबीचा विषय निघालाच आहे, तर हे घ्या. जगात विकलेले सगळे स्पेक्ट्रम गोळा करू. पन्नासच्या पन्नास लाख. इंग्लंडच्या माळ्यांवरून, स्पेनच्या अडगळीतून, पुण्याच्या पेठांतल्या ट्रंकांतून. काही १६ केबीचे होते, काही पुढे १२८चे आले, आपण सरसकट ४८ धरू. ओळीने मांडले तर ११६५ किलोमीटर: मुंबई-पुणे, पुणे-मुंबई, अशा सहा फेऱ्या आणि वर थोडे. एकेकाचे वजन अर्धा किलो धरू. २,५०० टन माल. दहा टनी ट्रकमध्ये भरला तर २५० ट्रक. चाकणच्या तळेगाव चौकातून मोशीकडे ते एकामागे एक उभे करा, अडीच किलोमीटर रांग. आधीच तिथे जी रांग असते तिच्यात कोणाच्या लक्षातही येणार नाही, ते सोडा. प्रत्येक ट्रकमध्ये वीस हजार यंत्रे, प्रत्येक यंत्राच्या पोटात एक किल्ला, प्रत्येक किल्ल्यात लांडगा व्हायची वाट बघणारा एक सेबरमन. या सगळ्यांची स्मृती एकत्र करा. ५० लाख गुणिले ४९,१५२. उत्तर २४,५७६ कोटी बाइट. म्हणजे २४६ जीबी!

चिंचवडच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली नखाएवढे एक मेमरी कार्ड टांगलेले असते. वजन अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. त्यावर लिहिलेले असते २५६ जीबी. अडीचशे ट्रक त्यात रिकामे करा. सगळे मावले. दहा जीबी उरले. त्यात आणखी २,०८,३३३ स्पेक्ट्रम बसतील, तेव्हा मोशीच्या दिशेने अजून दहा ट्रक मागवून ठेवा.